उजव्या बुटाची नाडी

(स्टेडियमच्या पोटातली बुटांची खोली. दुपारचे सव्वादोन. चारला फुटबॉलची मॅच, आणि तीनच्या आत अकरा जणांची यादी रेफरीच्या हातात पडायला हवी. भिंतीभर बुटांच्या फळ्या, एक कपडे धुण्याचं मशीन, एक लाकडी बाक. बाकावर कप्तान, त्याच्या डोक्यावर उभा कोच. कोपऱ्यात जर्सींच्या घड्या घालत, आपण इथे नाहीच असं दाखवणारे काका. गेली तीस वर्षं या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात आहे.)

कोच : आता उजवा.

कप्तान : सर, डावा बघितलात ना? उजवाही तसाच आहे. एकाच खोक्यातून आलेत दोन्ही.

कोच : उजवा बूट दे म्हणतोय.

कप्तान : घ्या.

कोच : हं. बघ आता. डाव्याची नाडी पहिल्या दिवसाची आहे. मळलीय, पण टोकाचं प्लास्टिकसुद्धा जागेवर आहे. आणि उजव्याची? कोरी करकरीत, तरी टोकाचा भुसा व्हायला लागलाय. काका, या बुटाला किती नाड्या दिल्यात तुम्ही?

काका : मी नाड्या मोजत नाही.

कोच : तुम्ही मोज्यांचे धागे मोजता. किती?

काका : चार झाल्या असतील. पाचवी काल नेली.

कोच : मला येऊन नऊ आठवडे झाले. नऊ आठवड्यांत पाच नाड्या, त्याही एकाच बुटाला. का रे, दुसरा पाय घरी ठेवून येतोस का?

कप्तान : मला खेचून बांधायची सवय आहे. तुटतात.

कोच : गेले दोन दिवस मी मागच्या तीन मॅचचं रेकॉर्डिंग बघतोय. इतक्यांदा बघितलं की बायको म्हणाली, एवढं लक्ष लग्नाच्या अल्बमकडे कधी दिलं नाहीस. बॉल सोडून दिला आणि फक्त तुझ्याकडे बघत बसलो. बाराव्या मिनिटाला तू गुडघ्यावर बसलास. नाडी बांधलीस, उठलास. आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात आपले चारही बॅक पंधरा पावलं मागे. त्यांच्या पाठोपाठ मधले तिघे. एकतिसाव्या मिनिटाला परत तेच. तीन मॅचमध्ये अकरा वेळा नाडी, आणि अकराही वेळा टीम मागे.

कप्तान : योगायोग असेल.

कोच : योगायोग अकरा वेळा होत नाही. अकरा वेळा होतो त्याला कट म्हणतात. मी कडेला उभा राहून घसा फोडतोय, पुढे व्हा, पुढे व्हा. लोक हसतात मला. वरून कुणीतरी ओरडलं परवा, मास्तर, पोरं वर्गाबाहेर गेली. आणि माझी टीम बघतेय कुणाकडे? तुझ्या नाडीकडे.

कप्तान : ठीक आहे. इशारा आहे तो. झालं समाधान?

कोच : समाधान? आठ मॅच. सहा हरलो, दोन बरोबरीत सुटल्या. आज जिंकलो नाही तर ही टीम खालच्या गटात जाणार. एकोणतीस वर्षांत कधी गेली नाही ती माझ्या हातून जाणार, आणि हा विचारतो समाधान झालं का. कुणी शिकवलं हे? सासऱ्यांनी?

कप्तान : त्यांचं नाव मध्ये आणू नका.

कोच : का नको? तुझ्या सासऱ्यांना, आपल्या मोठ्या सरांना, कोचपदावरून काढलं आणि मला आणलं, ते तुझ्या घरात कुणाला रुचलं असेल? घरी जेवताना रोज चर्चा होत असणार. मागे बसा, दार लावून घ्या, शून्य-शून्य करा. हा खेळ त्यांचाच आहे. मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलोय, मला त्यांचा वास लगेच येतो.

कप्तान : सर, काढून टाकल्यापासून माझ्या सासऱ्यांनी एक मॅच बघितलेली नाही. टीव्ही लागला की उठून गॅलरीत जातात. तिथे टोमॅटोची सात रोपं लावलीत. त्यांना ओळीत उभं करतात आणि त्यांच्यावर ओरडतात. एवढंच कोचिंग उरलंय त्यांचं. मला जे बोलायचंय ते बोला, म्हाताऱ्या माणसाला सोडा.

कोच : बरं, सोडलं. मग तुझं डोकं. म्हणजे जास्तच वाईट. मी आलो त्या दिवशी तुझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, मैदानावर तू माझा आवाज आहेस. आठवतं?

कप्तान : आठवतं.

कोच : आणि तू माझ्या आवाजाला कुलूप घातलंस. समोर मान डोलवायचास. येस सर, कळलं सर. फळ्यावर मी रेघा मारतोय, तू सगळ्यात पुढे बसून वहीत उतरवून घेतोयस. वहीत. मला वाटायचं, काय गुणी माणूस आहे. केसाने गळा कापलास तू माझा.

कप्तान : सर...

कोच : मध्ये बोलू नकोस. एवढा पटत नव्हता माझा खेळ, तर दार उघडं होतं. यायचं, म्हणायचं, सर तुमचं चुकतंय. भांडलो असतो. पण पाठीमागून? वीस माणसांना सामील करून घेतलंस. वीस जण मला समोर बघून मूग गिळून बसले. या क्लबात कोच मी आहे की तू, ते आज ठरून जाऊ दे. दंडावरचा कप्तानाचा पट्टा काढ.

कप्तान : काढतो.

कोच : ठेव बाकावर. आणि आजच्या अकरात तू नाहीस. राखीवमध्येही नाहीस. वर जाऊन लोकांत बस, म्हणजे तुलाही ऐकू येईल ते काय म्हणतात.

कप्तान : चालेल. हा पट्टा. मी वर बसतो. फक्त एक ऐका. आज बॅक मागेच ठेवा. मध्यरेषेपर्यंत नेऊ नका त्यांना.

कोच : अजून तेच?

कप्तान : हात जोडतो. मला काढा, काय वाट्टेल ते करा. पण मागची फळी बोक्याच्या जवळ ठेवा.

कोच : थांब जरा. ज्याची जागा जाते तो जागा मागतो. रडतो, भांडतो, बायकामुलं काढतो मध्ये. तू मागची पंधरा पावलं मागतोयस. आणि बोक्याचं नाव कशाला आलं? आपला गोली आहे तो. त्याच्या जवळ कशाला हवी फळी, त्याला थंडी वाजते?

कप्तान : नाही. तसं काही नाही.

कोच : काका, घडी घालायचे थांबलात तुम्ही.

काका : संपल्या घड्या.

कोच : समोर ढीग आहे अजून.

काका : सांगून टाक रे त्याला.

कप्तान : काका, मी शब्द दिलाय.

काका : तू दिलास. मी कुठे दिलाय? मला कुणी विचारलंच नाही, नुसतं दार लावून घ्यायचे आणि शर्ट काढायचे. भिंगरी, इकडे ये. हा खण उघड.

कोच : सगळ्यांसमोर भिंगरी म्हणू नका मला.

काका : सगळे कुठे आहेत, हा एकटाच आहे. आणि तू या खोलीत आलास तेव्हा तुला मिसरूड नव्हतं. उघड खण.

कोच : काय आहे हे? बँडेज. इतकी? ही तर रुंद आहेत, घोट्याची नव्हेत.

काका : खांद्याची. प्रत्येक मॅचला दोन लागतात. काखेतून घेऊन पाठीवरून आवळायची, आणि वर जर्सी. आधी उजवी बाही, मग डोकं, मग डावी. मीच चढवतो. त्याला स्वतःला जमत नाही.

कोच : कुणाला?

काका : बोक्याला. उजवा हात कानाच्या वर जात नाही त्याचा. आठ आठवडे झाले.

कोच : खोटं आहे.

कप्तान : खोटं नाही, सर. सरावात पडला होता, तुमच्या दुसऱ्या आठवड्यात. खांबावर आपटला. तुम्ही म्हणालात, उठ, नाटक पुरे. उठला तो.

कोच : मग डॉक्टर काय झोपला होता?

कप्तान : डॉक्टरला सांगितलं नाही. डॉक्टर तुम्हाला सांगणार.

कोच : एका हाताचा गोली. आठ मॅच मी एका हाताच्या गोलीला घेऊन खेळलो. आणि मला पत्ता नाही.

कप्तान : उंच बॉल त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही, एवढंच आम्ही करत होतो. सुरुवातीला तुमच्यासाठी पुढे राहायचो. समोरचे लांबून उंच मारायला लागले की मी नाडी बांधायचो. सगळ्यांनी मागे यायचं, बोक्यापुढे भिंत करायची आणि उंच बॉल आपल्याच डोक्यांनी बाहेर काढायचा. खालचे बॉल तो अजूनही पायाने, अंगाने अडवतो.

कोच : आणि पुढे गोल करायला कोण? तुझा काका?

कप्तान : कोणी नाही. माहीत आहे.

कोच : माहीत आहे. मी पेपरवाल्यांसमोर बोक्याला आळशी म्हणालो. बॉल लांब फेकत नाही, डाव्या हाताने गोट्या खेळल्यासारखा सरकवतो, म्हणालो. छापून आलं ते. त्याने मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

काका : त्या दिवशी इथे बसून हसला तो. म्हणाला, काका, सरांना डावा हात दिसला, उजवा नाही दिसला.

कोच : तुम्ही सगळे मिळून वेडे झालात का? हा खांदा आहे, पायातला काटा नाही. असा खेळत राहिला तर पुढे पाणी प्यायला ग्लास उचलता येणार नाही त्याला. छत्तीस वर्षांचा घोडा, त्याला अक्कल नाही? तुला नाही? हे मित्राचं काम आहे?

कप्तान : त्याला वर्ष पूर्ण करायचं होतं. शेवटचं वर्ष आहे त्याचं, सन्मानाने उतरायचं होतं मैदानातून. आणि खरं सांगू का?

कोच : आता खोटं सांगायला उरलंय काय?

कप्तान : तुमच्या पहिल्या आठवड्यात शिडी तुमच्याकडे आला होता. दुसरा गोली. बोट सुजलं होतं त्याचं, दोन दिवस सराव नको म्हणाला. दोनच दिवस. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर उभं केलंत. काय म्हणालात आठवतं?

कोच : बोललो असेन काहीतरी.

कप्तान : मी सांगतो. मला पाठ आहे, आम्हा सगळ्यांनाच पाठ आहे. म्हणालात, बोट दुखतं म्हणून रडायला येणाऱ्याने विणकाम करावं. माझ्याकडे दुखणं घेऊन यायचं नाही. ज्याला दुखतं त्याने घरी बसायचं, कायमचं. आणि त्याला गोलच्या मागे उभं केलंत, बाहेर जाणारे बॉल आणून द्यायला. नऊ आठवडे झाले. नावाला राखीव म्हणून बसतो, पण सरावात अजून बॉलच आणतोय. बोट केव्हाच बरं झालं.

कोच : शिस्त लावायची होती मला. ही टीम पाय मुरगळला तरी आठवडा आठवडा झोपून राहायची. मोठ्या सरांनी लाडावून ठेवलं होतं सगळ्यांना.

कप्तान : लागली शिस्त. एकदम लागली. त्यानंतर एकाला तरी दुखलं का सांगा. नऊ आठवड्यांत तुमच्याकडे एक माणूस आला? लेफ्ट बॅकच्या पायाचं नख गेलंय. मधल्या फळीतला आपला वकील दोन मॅच तापात खेळला. खांदा गेला तेव्हा बोका मला म्हणाला, शिडीचं बघितलंस ना, आता मी सांगायला जाऊ? दार उघडं होतं म्हणता. कसलं उघडं? पहिल्याच माणसाची बोटं चेचलीत तुम्ही त्या दारात. मग बाकीचे काय वेडे आहेत हात घालायला?

कोच : आवाज खाली कर.

कप्तान : नाही करणार. आता पट्टाही नाही माझ्याकडे आणि जागाही नाही. काय काढून घेणार आहात? माझं चुकलं. तुम्हाला फसवलं, ते चूकच. मॅच हरलो त्या नाडीपायी, तेही माझ्या माथी. पण तुम्ही मला विचारताय, समोर येऊन का नाही बोललास? समोर येऊन बोलला त्याचं काय झालं ते मी रोज सकाळी बघतो, गोलच्या मागे.

कोच : माझा गुडघा फुटबॉलएवढा सुजला होता. कळलं? तुझ्याएवढाही नव्हतो मी. तेरा मॅच खेळलो त्या गुडघ्यावर. चकार शब्द काढला नाही. कुणाला सांगायला गेलो नाही की माझ्यासाठी नाडी बांधा म्हणून.

काका : आणि चौदावी?

कोच : काय?

काका : चौदावी मॅच कधी खेळलास?

कोच : काका, हे आत्ता नको.

काका : आत्ताच. तू याला तेरा सांगतोस, पुढचं कोण सांगणार? याच बाकावर पाय ठेवायचास. मी बर्फ लावायचो, पट्टी आवळायचो. तू तोंडात टॉवेल धरायचास. एकविसाव्या वर्षी इथून काठी घेऊन गेलास. अजून जिना उतरताना कठडा धरतोस, मला दिसतं.

कोच : मोठ्या सरांनी विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

काका : विचारायचे की. दर शनिवारी विचारायचे. काय रे भिंगरी, पाय कसा आहे? तू म्हणायचास, मस्त आहे सर. मग ते माझ्याकडे बघायचे, आणि मी बर्फाच्या बादलीत बघायचो. चोवीस वर्षं झाली, ती बादली माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

कोच : मग याही वेळी तेच केलंत? एकदा हात पोळले, तरी परत तीच पट्टी घेऊन बसलात? तुम्ही तरी मोठे होतात ना इथे. माझ्याकडे यायचं होतं तुम्ही.

काका : यायचं होतं. माझं चुकलंय, मी नाही म्हणत नाही. दोनदा तुझ्या खोलीपर्यंत आलो. एकदा तू फोनवर कुणावर तरी खेकसत होतास. दुसऱ्यांदा तू मलाच म्हणालास, काका, मोजे ओले का आहेत? मी मोजे घेऊन परत आलो. पण एक सांगतो. मागच्या वेळी निदान विचारणारा होता आणि मी खोटं बोललो. या वेळी विचारणाराच नव्हता.

कप्तान : सर, दोन पस्तीस झाले.

कोच : मलाही घड्याळ कळतं.

कप्तान : मी जाऊ?

कोच : बस खाली. कुणी जा म्हटलं? बोका आत्ता कुठे आहे?

काका : येईल दहा मिनिटांत. पट्टी बांधायची वेळ झाली त्याची.

कोच : आज पट्टी बांधायची नाही. तो इथे आला की त्याचा शर्ट काढायचा आणि डॉक्टरला बोलवायचं. ओरडला तर ओरडू दे. बोका खेळणार नाही. आज नाही, उद्या नाही, डॉक्टर म्हणेल तोपर्यंत नाही.

कप्तान : तो कोलमडेल सर. शेवटची मॅच आहे त्याची.

कोच : कोलमडू दे. दोन्ही हात धड ठेवून कोलमडू दे. आणि ते त्याला तू सांगायचं नाहीस, काका सांगणार नाहीत, मी सांगणार. आळशी मी म्हणालो होतो, तेव्हा हेही मीच सांगणार. आणि मॅच झाली की पेपरवाल्यांना सांगेन, कुणाचं काय चुकलं ते. कळलं?

कप्तान : कळलं.

कोच : दुसरं. तू खेळणार आहेस.

कप्तान : मी? आत्ता तर म्हणालात...

कोच : आत्ता म्हणालो ते आत्ता बदललं. मागच्या चारात तुझ्याशिवाय मला मध्ये कुणी नाही. पण उपकार करत नाहीये मी, आणि माफही केलेलं नाही. पट्टा मिळणार नाही. पट्टा वकिलाला.

कप्तान : वकिलाला? सर, तो पहिल्या दहा मिनिटांत रेफरीशी भांडून बाहेर जाईल.

कोच : जाऊ दे. निदान समोर उभा राहून भांडतो तो. मागची फळी मध्यरेषेपासून दहा पावलांवर. तिथून मागे यायचं नाही. कुणीही. तू पहिला. बोका नसेल तर मागे यायचं कारणही नाही.

कप्तान : पुढेच राहू, सर. आम्हालाही कंटाळा आलाय भिंत होऊन उभं राहण्याचा.

कोच : काका, याच्या दोन्ही बुटांवर चिकटपट्टी मारा. नाड्यांवरून, गच्च, तीन वेढे. मॅच संपेपर्यंत याचा हात नाडीला लागता कामा नये. सुटली तर एक बूट घालून खेळेल, पण खाली बसणार नाही.

काका : मारतो.

कप्तान : मारा काका. उजव्याला चार वेढे मारा.

कोच : हसू नकोस. मला अजून राग आहे.

कप्तान : मलाही आहे, सर.

कोच : असू दे. आणि मॅच संपली की, जिंकू नाहीतर हरू, सगळ्यांनी थांबायचं. आंघोळीच्या आधी. ज्याला जिथे दुखतंय तिथे त्याने बोट ठेवून मला दाखवायचं. एकेकाने. लेफ्ट बॅकचं नख मला बघायचंय. लपवणारा पुढच्या वर्षी टीममध्ये नसेल, आणि सांगणाऱ्याची जागा कुठे जाणार नाही. हा नियम आजपासून. हा पाळला नाही तर मात्र मी काय करीन ते सांगता येत नाही.

कप्तान : आणि टीमला नाडीचं काय सांगू?

कोच : तू काही सांगायचं नाहीस. नाडीचं मी सांगणार. जा. मोज्यात जा, बूट काका आणतील. आणि ऐक.

कप्तान : काय?

कोच : वहीत काय लिहायचास रे? मी फळ्यावर शिकवायचो तेव्हा?

कप्तान : तुम्ही सांगायचात तेच. अक्षर न् अक्षर. बोक्याचा खांदा बरा झाला की तसंच खेळायचं ठरलं होतं आमचं.

कोच : जा आता.

काका : गेला तो. बस जरा.

कोच : बसायला वेळ नाही. यादी राहिलीय. पेन द्या. गोलमध्ये... गोलमध्ये शिडी. दुसरं आहेच कोण? तिसरा तर अजून शाळेच्या दप्तरातून बूट आणतो. नऊ आठवडे बॉल आणायला लावलं मी त्याला, आणि आज सांगायचं, ये, क्लब वाचव. मी त्याच्या जागी असतो तर यादी फाडली असती.

काका : तो फाडणारा नाही. ही बघ, त्याची जर्सी. गोलीचीच आहे, फक्त पाठीवर एकऐवजी बारा. नऊ आठवड्यांत एकदाही धुवायला आली नाही. तरी मी दर मॅचला इस्त्री करतो. तो येतो, घेतो, मॅच संपली की घडीसकट परत आणून देतो. म्हणतो, काका, मळली नाही.

कोच : बोलवा त्याला इकडे. दोन मिनिटं बोलतो.

काका : इकडे? या कोपऱ्यात?

कोच : मग?

काका : तेव्हा वीस जणांसमोर बोलला होतास. आता कानात बोलणार?

कोच : काका, मॅचला तास-सव्वा तास उरलाय. आत्ता मी टीमसमोर नाक घासायला लागलो तर माझा धाक काय राहील?

काका : धाक होताच की तुझा. आठ मॅच होता.

कोच : कुठे आहे तो?

काका : ड्रेसिंग रूममध्ये. दारामागच्या खुंटीखाली बसतो, सगळ्यांचे टॉवेल टांगलेले असतात तिथे. बाकीचे सगळे आहेत आत.

कोच : द्या ती जर्सी. मी नेतो.

काका : इस्त्री मोडेल, नीट धर. आणि कठडा धरून जा, पायऱ्या ओल्या आहेत.

कोच : काका, बोट कुठलं होतं त्याचं?

काका : त्यालाच विचार. तेव्हा राहून गेलं होतं.